जानेवारीत चंबळमध्ये कनू ट्रिप, कोण कोण येतंय? (ग्वाल्हेर आणि आसपासचे)

लश्करवाली | ३ डिसेंबर, रात्री १०.४०
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात किडा वळवळतोय म्हणून आज लिहूनच टाकते. आपण ग्वाल्हेरवाले पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवतो, तानसेनची समाधी दाखवतो, बाड्यावर कचोरी खाऊ घालतो की झालं, आणि इथून तासाभरावर एवढी मोठी चंबळ वाहतेय ती आपण फक्त आग्र्याला जाताना पुलावरून गाडीच्या खिडकीतून बघतो. मागच्या महिन्यात धौलपूरहून परत येताना पुलाच्या अलीकडे थांबलो, खाली उतरून गेलो, तर काठाशी पाणी इतकं नितळ की तळातले दगड दिसत होते, आणि समोर बीहडाच्या, म्हणजे नदीकाठच्या घळींच्या, त्या मातीच्या भिंती, चिटपाखरू नाही. तेव्हाच ठरवलं की या नदीत वल्हं मारायचंच.

तर प्लॅन असा. २४-२५-२६ जानेवारी, शनिवार ते सोमवार जोडून सुट्टी आहे. ५ कनू (म्हणजे वल्ह्याच्या लांबट छोट्या होड्या), १० माणसं. राजघाटच्या पुलापासून निघून प्रवाहाबरोबर खाली थेट अटेरच्या किल्ल्यापर्यंत. नकाशावर दोन बोटांचंच अंतर दिसतंय. दोन रात्री वाळूवर तंबू, शेकोटी, वर आकाश. हवा भरायच्या दोन कनू भोपाळच्या मावसभावाकडे आहेतच, तीन कुठूनतरी भाड्याने बघू. कोण येणार हात वर करा.

मुरारकर | ३ डिसेंबर, रात्री १०.५२
मी येतो. पोहता येत नाही. चालेल ना?

बाड्यावरचा_बंड्या | ३ डिसेंबर, रात्री ११.१५
मी पण, आणि बायको पण. गजक माझ्याकडे लागली, मुरैन्यातून ताजी उचलू.

भोपाळी_वल्हं | ४ डिसेंबर, सकाळी ७.०५
ताई, सुप्रभात. मीच तो मावसभाऊ. माझ्या कनू तू मला न विचारता वाटून टाकल्यास हे मला इथे वाचून कळलं, धन्यवाद. त्यातली एक पंक्चर आहे.

लश्करवाली | ४ डिसेंबर, सकाळी ७.३०
अरे आज फोन करणारच होते रे 🙈

किल्लेदार_काका | ४ डिसेंबर, सकाळी ९.२०
बेटा, उत्साह छान आहे, पण आधी एक विचारतो. ही नदी कोणाची आहे ते बघितलंस का? राजघाट काय किंवा अटेर काय, तो सगळा पट्टा राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात येतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे अभयारण्यात पाय ठेवायलाही परवाना लागतो, होडी घालणं तर पुढची गोष्ट. आणि हे एका राज्याचं काम नाही. राजघाटपाशी तू उजव्या काठाला लागलीस तर मध्य प्रदेश, डाव्या काठाला लागलीस तर राजस्थान. तशीच खाली वाहत अटेरपर्यंत गेलीस की डावीकडे उत्तर प्रदेश. म्हणजे तीन राज्यांची वनखाती, आणि तुझा तंबू नेमका कोणाच्या वाळूवर आहे ते रात्री टॉर्च घेऊन कोण सांगणार? मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, एका राज्याची एक सही मिळवताना काय होतं ते मला माहीत आहे.

दुसरं, ती दोन बोटं. नदी सरळ जात नाही गं. रस्त्याने जे अंतर आहे ते नदीतून वळसे घेत कितीतरी जास्त भरतं, आणि चंबळेचे वळसे तर जिलेबीसारखे.

मुरारकर | ४ डिसेंबर, सकाळी ९.४१
काका मगरी पण आहेत ना तिथे? आई विचारतेय. डाकूंचंही विचारतेय.

किल्लेदार_काका | ४ डिसेंबर, सकाळी १०.०२
आईंना सांग, १९७२ च्या एप्रिलमध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींसमोर बागींनी बंदुका ठेवल्या, त्याला अर्धशतक होऊन गेलं. नंतर १९८३ मध्ये डाकू फूलनदेवीने भिंडला शरणागती घेतली. आता बीहडात रात्री भीती वाटली तर ती चोरून वाळू नेणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वाटावी. अभयारण्यात वाळू काढायला बंदी आहे आणि ज्या अर्थी तरीही बातम्या येत राहतात त्या अर्थी तिथे अंधारात दहा अनोळखी माणसं तंबू ठोकून बसलेली कोणालाच आवडणार नाहीत. मगरींचं पाणचिरा सांगेल, तो त्यातला माणूस आहे.

पाणचिरा | ४ डिसेंबर, दुपारी १.३५
काकांनी बोलावलं म्हणून आलो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

चंबळेत दोन वेगळे प्राणी आहेत, लोक दोघांनाही मगर म्हणतात. एक सुसर, म्हणजे आपल्याकडे ज्याला घडियाल म्हणतात तो, लांब चिमट्यासारखं तोंड, मोठ्या नराच्या नाकावर मडक्यासारखा फुगवटा, म्हणून घडियाल. हा मासे खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. दुसरी खरी मगर, रुंद तोंडाची. तिच्या बाबतीत मात्र हवा भरलेल्या रबरी होडीत बसून मी कसलीही हमी देणार नाही.

पण माझी काळजी वेगळी आहे. प्रश्न ते आपल्याला काय करतील हा नाहीच, आपण त्यांना काय करू हा आहे. जानेवारीत घडियाल वाळूवर का पसरलेले असतात? त्यांचं रक्त आपल्यासारखं आतून गरम होत नाही, ऊन मिळालं तरच अंग तापतं, आणि अंग तापलं तरच खाल्लेलं पचतं. त्यात आपल्याकडचं धुकं, सूर्य दिसेपर्यंत दहा वाजतात, ऊन मिळून मिळून पाच-सहा तास. त्यात एक होडी गेली की सगळे धपाधप पाण्यात. अर्ध्या तासाने परत वर येतात तर तुमची दुसरी होडी. ५ कनू म्हणजे पाच वेळा. तुम्ही म्हणाल कनूला आवाज नसतो, मोटरबोटीपेक्षा बरी. मला उलट वाटतं. मोटरबोट त्यांना लांबून ऐकू येते आणि रोजची झालेली असते, कनू गुपचूप वळणावरून एकदम दहा हातांवर उगवते, मग जनावर दचकतं.

आणि वाळूवर तंबू हा तर विषयच सोडा. मार्चअखेर-एप्रिलमध्ये ह्याच वाळूत घडियाल माद्या खड्डे करून अंडी घालतात, जूनमध्ये पिल्लं निघतात. नदीतल्या वाळूच्या बेटांवर पाणचिरे घरटी करतात (हो, माझं नाव तिथूनच, खालची चोच लांब असते आणि पाणी चिरत उडतो). २००७-०८ च्या हिवाळ्यात ह्या नदीत शंभरावर घडियाल मेले होते, मूत्रपिंडं निकामी होऊन. जगात उरलेले घडियाल मुख्यत्वे इथेच आहेत हे लक्षात घ्या, आपल्या घरापासून तासाभरावर. त्यामुळे चंबळ बघायची तर वनखात्याच्या बोटीतून, तिकीट काढून, जाकीट घालून. आणि जाताना देवरीचं घडियाल केंद्र बघा, तिथे नदीकाठची अंडी आणून पिल्लं वाढवतात आणि साधारण सव्वा मीटरची झाली की नदीत सोडतात.

बाड्यावरचा_बंड्या | ४ डिसेंबर, दुपारी २.१०
म्हणजे ट्रिप कॅन्सल? मी बायकोला सांगून बसलोय यार.

लश्करवाली | ४ डिसेंबर, रात्री ९.५०
खरं सांगू, दुपारी पाणचिराचं वाचून आधी चिडले. वाटलं ह्यांना आपलं कुठेही जाणं नकोच असतं. मग संध्याकाळी परत वाचलं. पाच वेळा धपाधप हे काही डोक्यातून जाईना. ठीक आहे, चंबळमध्ये कनू नाही. पण वल्हं मारायचंय हे नक्की. दुसरी नदी सुचवा. सिंध? कुनो? (कुनोला चित्ते आहेत हे माहीत आहे, कोणी विनोद करू नका.)

भोपाळी_वल्हं | ५ डिसेंबर, सकाळी ६.५०
ओरछा. बेतवा नदी.

बाड्यावरचा_बंड्या | ५ डिसेंबर, सकाळी ८.१५
ओरछा म्हणजे लग्नाआधीचे फोटो काढायची जागा ना? राजांच्या छत्र्यांसमोर (समाध्यांसमोर) घागरा पसरून. तिथे कसलं जंगल.

भोपाळी_वल्हं | ५ डिसेंबर, दुपारी १२.३०
बंड्याभाऊ, फोटोवाले छत्र्यांच्या घाटावरच असतात. पुलाच्या पलीकडे पाय टाका, बेतवा आणि जामनी ह्यांच्या मध्ये जो जमिनीचा तुकडा आहे तो अभयारण्य आहे, १९९४ पासून. साग, पळस, नीलगाय, चितळ. छत्र्यांच्या कळसांवर गिधाडं घरटी करतात, लांब चोचीची, जी आता सगळीकडे कमी झालीत. आणि नदी म्हणजे ग्रॅनाइटच्या खडकांतून फुटत जाणारी, कुठे डोह, कुठे खळखळ. तिथे रबरी राफ्ट चालतात, म्हणजे लोकांना पाण्यात होड्या बघायची सवय आहे आणि कोणाला विचारायचं तेही कळतं. परवाना तिथेही लागेलच, अभयारण्याच्या बाजूला उतरणार असू तर, पण एका राज्याचा, आणि रात्र गावात काढायची, वाळूवर नाही. दिवसा वल्हवा, संध्याकाळी रामराजाच्या देवळात आरतीला जा, रात्री गरम पाण्याने आंघोळ.

आता जरा कडू बोलतो. ताई, तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये ५ कनू आणि १० माणसं होती, पण त्या १० पैकी किती जण कनूत बसलेत? मी भोपाळच्या बड्या तलावावर शिकलो, तिथे राज्याची वॉटर स्पोर्ट्स अकादमी आहे, तिथली पोरं बघूनच नाद लागला. तलावावर सपाट पाण्यात सुद्धा पहिले दोन दिवस मी गोल गोल फिरत होतो. कयाकच्या वल्ह्याला दोन्हीकडे पातं असतं, एकदा डावं एकदा उजवं मारलं की सरळ जाते. कनूच्या वल्ह्याला एकच पातं, एका बाजूने मारत राहिलात की होडी दुसऱ्या बाजूला वळते. ती सरळ ठेवणं हे मागच्या माणसाचं काम. प्रत्येक फटक्याच्या शेवटी पातं बाहेर वळवून पाणी जरा बाजूला ढकलायचं, सुकाणूसारखं. पुढच्याने फक्त जोर लावायचा, पाण्यात लपलेले दगड बघायचे आणि तोंडाने सांगायचं. आणि जोर कुठल्या बाजूला लावायचा ते मागचा सांगेल.

म्हणून, नवरा-बायको एका कनूत नाहीत. बंड्याभाऊ, हे तुमच्यासाठी.

बाड्यावरचा_बंड्या | ५ डिसेंबर, दुपारी १२.४४
बायकोने वाचलं. म्हणाली देव पावला.

अवंती_दौलतगंज | ५ डिसेंबर, दुपारी ४.२०
मी इतके दिवस नुसती वाचत होते पण आता लिहिते कारण मी एकदा पडलेय. दोन वर्षांपूर्वी, नदीचं नाव सांगत नाही, तिथल्या टूरवाल्याने पाच मिनिटं काठावर शिकवलं आणि दिलं सोडून. कनू खडकाच्या दिशेने आडवी जाऊ लागली, मी काय केलं, घाबरून खडकापासून लांब झुकले. झालं, वरच्या बाजूची कड खाली गेली, पाणी आत, दोन सेकंदात आम्ही पाण्यात. नंतर कळलं की करायचं बरोबर उलटं असतं, खडकाकडे झुकायचं, म्हणजे प्रवाहाकडची कड वर राहते आणि पाणी होडीखालून जातं. हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझा फोन, चष्मा आणि आईने दिलेली शाल वाचली असती.

दुसरं म्हणजे पडल्यावर पाणी कमरेएवढंच असलं तरी वाहत्या पाण्यात उभं राहायचं नाही, पाय दगडाच्या फटीत अडकतो आणि वरून प्रवाह माणसाला खाली दाबतो. पाठीवर पडायचं, पाय पुढे आणि वर, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत, आणि तसंच वाहत शांत पाण्यापर्यंत जायचं. आणि पात्रात झुडपं उगवलेली असतात किंवा मासेमारीची जाळी असतात, त्यांच्यापासून लांबच, पाणी त्यातून निघून जातं, आपण नाही.

मी येईन पण मुरारकर पोहायला शिकला तरच.

मुरारकर | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.०५
जाकीट असताना पोहायला कशाला यायला पाहिजे?

अवंती_दौलतगंज | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.०९
कारण ज्याला पोहता येत नाही तो नाकात पाणी गेलं की शेजारच्याचा गळा धरतो आणि शेजारी मी असेन.

मुरारकर | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६.२२
ओके. क्लास लावतो. डिसेंबरात. ग्वाल्हेरला. आईला सांगू नका.

किल्लेदार_काका | ६ डिसेंबर, सकाळी ८.४०
ओरछा उत्तम. रेल्वेने झाशी दीड तासाच्या आत, तिथून पुढे जेमतेम अर्धा तास. तरी दोन गोष्टी. एक, बेतवेवर वरच्या अंगाला माताटीला धरण आहे, १९५८ चं, त्याच्याही वर राजघाट धरण (हे वेगळं राजघाट, घोळ करू नका). धरणातून पाणी सोडलं की खालची पातळी आभाळात ढग नसतानाही वाढते. सकाळी कोरडा दिसलेला खडक दुपारी पाण्याखाली. तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी आणि त्या सकाळी स्थानिक राफ्टवाल्यांना विचारायचंच, आणि खडकावर बसून जेवताना होड्या वर ओढून बांधायच्या. दोन, जानेवारी नको. धुक्यात गाड्या सहा-सहा तास उशिरा येतात, दहापर्यंत समोरचा माणूस दिसत नाही तर खडक काय दिसणार, आणि त्या थंड पाण्यात पडलात तर हात पटकन बधिर होतात, दोरी पकडता येत नाही. फेब्रुवारीत जा. संक्रांत झाली की ऊन जरा माणसात येतं.

पाणचिरा | ६ डिसेंबर, सकाळी ९.१५
फेब्रुवारीला माझंही मत. गिधाडांची पिल्लंही घरट्यात असतील, दुर्बीण आणतो. छत्र्यांवर चढायचं नाही, ड्रोन तर अजिबात नाही.

लश्करवाली | ६ डिसेंबर, रात्री ११.००
बरं ऐका. ७-८ फेब्रुवारी, शनिवार-रविवार. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं. २५ जानेवारीला ज्यांना जमेल ते पाणचिरासोबत चंबळेला, वनखात्याच्या बोटीतून, देवरीसकट. नुसतं बघायला. मी आहे.

त्याआधी सराव. २० डिसेंबरला भोपाळला जाऊ, भाऊ म्हणतोय बड्या तलावावर दोन दिवस सगळ्यांना बसवतो, एकेकाला मुद्दाम पाडतो आणि परत होडीत चढवून दाखवायला लावतो. जो पडून परत चढू शकला नाही तो ओरछ्याला येईल पण काठावरून फोटो काढेल. हा नियम माझ्यावर पण लागू. पैसे सध्या प्रत्येकी हजार, पंक्चरच्या दुरुस्तीसकट 🙂

भोपाळी_वल्हं | ७ डिसेंबर, सकाळी ७.१५
छान. आता नदीवरची शिस्त, ही वाद घालायची नाही. सगळ्यात पुढे एक होडी, तिच्यापुढे कोणी जायचं नाही. सगळ्यात मागे एक, तिच्यामागे कोणी राहायचं नाही. प्रत्येकाने मागे वळून मागची होडी दिसतेय ना बघत राहायचं, नाही दिसली तर थांबायचं. वेग सगळ्यात हळू होडीचा. दिवसाला अंतर किती हे मी आधी ठरवणार नाही, पहिल्या दोन तासात आपण काय करतो ते बघून दुपारी ठरवू, कारण समोरून वारा आला की अर्ध्या वेगाने जाल आणि हात दुखतील तेव्हा कोणाला वाद घालायचं बळ उरणार नाही. खळखळ आली की आधी काठाला लागून उतरायचं, चालत जाऊन बघायचं, आणि एकालाही नको वाटलं तर होडी उचलून खडकावरून न्यायची. त्यात लाज नाही. हवेच्या होड्या आहेत, दोघांनी उचलल्या की झालं.

कपडे: जीन्स नाही. ओली जीन्स म्हणजे पायाला बांधलेली पोती. लोकरी किंवा पटकन वाळणारं. एक कोरडा जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि ती होडीला बांधलेली. चष्मेवाल्यांनी दोरी लावा.

बाड्यावरचा_बंड्या | ७ डिसेंबर, सकाळी ८.३०
जेवणाचं कोणी बोलतच नाही. माझं वजन १०४ आहे, मी मागे बसू की पुढे?

भोपाळी_वल्हं | ७ डिसेंबर, सकाळी ८.३३
मागे. तुम्ही पुढे बसलात तर होडी नाक खुपसेल. आणि तुमच्या होडीतलं सामान पुढे ठेवायचं, तोल साधायला.

अवंती_दौलतगंज | ७ डिसेंबर, सकाळी १०.१०
जेवण माझ्याकडे. आजीच्या पद्धतीच्या दशम्या करते, दुधात मळलेल्या, दोन-तीन दिवस मऊ राहतात आणि ओल्या हाताने खाल्ल्या तरी चालतात. शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. माणशी ४ दशम्या धरू का ५? सात जणच नक्की आहेत ना? बंड्याभाऊंना ७. नदीवर स्टोव्ह नको, जंगलाच्या काठाला आग नको, चहा थर्मासमध्ये. कागद-प्लॅस्टिक सगळं परत आणायचं, शेंगांची फोलपटंसुद्धा.

किल्लेदार_काका | ७ डिसेंबर, सकाळी १०.४५
मी वल्हवायला येणार नाही, गुडघे साथ देत नाहीत, पण गाडी घेऊन खालच्या टोकाला थांबेन. कोरडे टॉवेल आणि चहा माझा. मला निघायची वेळ आणि पोचायची वेळ दोन्ही लिहून द्या, पोचायच्या वेळेनंतर दोन तास वाट बघेन आणि मग वनचौकीवर जाईन, हे आत्ताच सांगतो म्हणजे नंतर काका घाबरट म्हणू नका. वर परतीच्या दोन जागा माझ्या गाडीत रिकाम्या आहेत, ज्याला ओलं बसायचं नाही त्याने सांगा.

लश्करवाली | ७ डिसेंबर, सकाळी ११.०२
काका 🙏 माझी एक जागा.

मुरारकर | ११ डिसेंबर, रात्री ८.१५
क्लासचे चार दिवस झाले. तरंगता येतं. एक विचारायचं होतं, पाण्यात पडल्यावर बूट काढायचे की ठेवायचे?

भोपाळी_वल्हं | ११ डिसेंबर, रात्री ८.१७
ठेवायचे. खाली खडक आहेत.